मयत इसमाची हजेरी

(स्थळ : पुणे-पौड रस्त्यावरील भूगाव, वकिलांची बैठकीची खोली. पात्रे : वकील, पुतण्या आणि सरकारदप्तरी मयत असलेले काका, ज्यांना त्याच कारणास्तव प्रथमपुरुषी एकवचन वापरता येत नाही.)

वकील : भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 नुसार, ज्यांना एखाद्याची खबर एरवी लागलीच असती त्यांनाच सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात आहे हे शाबीत करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो, म्हणजे कायदा माणसाला मारत नाही, केवळ मेलेला धरून चालतो.

काका : आणि म्हणणारा तोच इसम असेल तर?

वकील : तर गृहीतक कोसळते, फक्त ओळख पटावी लागते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या तोतयाला 1776 मध्ये देहदंड झाला. उलट बंगालमधील भवालचे कुमार, जे 1909 मध्ये वारले असे मानले गेले होते, ते 1921 मध्ये संन्यासी होऊन परतले आणि 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलात जिंकले.

काका : मग जमीनदारी उपभोगली असेल.

वकील : निकालानंतर काही दिवसांतच वारले. त्या मृत्यूबद्दल मात्र वाद झाला नाही.

पुतण्या : रानात नुसते गवत होते तोवर न फिरकलेल्या काकांना गुंठ्याचा भाव कुठे कळला?

काका : जिथे पुतण्याला कळला तिथेच, नाहीतर सात वर्षे मोजत कोण बसले असते?

वकील : फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची गाव नमुना सहामधील नोंद, महसूलवसुलीपुरती असते, तिने मालकी मिळत नाही, वारसाहक्क खऱ्या मृत्यूनेच सुरू होतो, आणि तो घडला नसल्याने सातबारावर पुतण्याचे नाव असले तरी जमीन काकांचीच राहते.

काका : मग सातबारा आजच दुरुस्त व्हावा.

वकील : त्यासाठी जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते, आणि मुदत टळली असल्याने विलंबमाफीचा अर्जही जोडावा लागतो, ज्यात विलंबाचे कारण नमूद करणे आवश्यक असते.

काका : ‘अर्जदार मयत असल्याने’ असे लिहावे?

वकील : ते टाळलेले बरे.

पुतण्या : आणि विकलेल्या तीन गुंठ्यांवरचा बंगला?

वकील : विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो घेणाऱ्याकडे जात नाही, तथापि स्वतःला मालक समजून सद्भावनेने बांधकाम केलेल्या खरेदीदाराला, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 51 नुसार, जमिनीत केलेल्या सुधारणांची किंमत मागता येते.

पुतण्या : पालाशविधी, म्हणजे देह न सापडल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून उरकलेले अंत्यकर्म, आणि त्यानंतर गावाला घातलेले तेराव्याचे जेवण, यांचा खर्चही सद्भावनेनेच झाला होता.

वकील : तेराव्याची बुंदी ही जमिनीतील सुधारणा ठरत नाही.