साठच्या पुढे जाईल का?

आमच्या घोडीला वैशाखात शिंगरू झालं, रात्री अडीचच्या सुमाराला. तासाभरात ते उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं, आणि चार वाजायच्या आत आईच्या सडाला लागलं. सकाळी सातला गोठ्याच्या दाराशी पहिला माणूस आला. आत न येता, चौकटीला हात टेकवून त्याने विचारलं, "वहिनी, साठच्या पुढे जाईल का?"

साठ म्हणजे ६० इंच. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यावर जो उंचवटा असतो, तिथपासून जमिनीपर्यंत उंची मोजतात. आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्याच्या जवळचं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, आणि रंग-चाल बघायच्या आधी इंच विचारले जातात. तेव्हा प्रश्न मला नवा नव्हता. पण त्या सकाळी विचारायचं होतं ते वेगळंच. घोडीची वार पडली का? गाईसारखी घोडीच्या वारेची वाट बघत बसता येत नाही. तीन तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावंच लागतं, नाहीतर घोडी हातची जाते. शिंगरू चीक प्यालं का? पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या त्या चिकावर त्याची रोगाशी लढायची ताकद उभी असते. नर आहे की मादी? यातलं काहीही त्या माणसाने विचारलं नाही. मादी होती. आम्ही तिचं नाव मैना ठेवलं.

त्या दिवसापासून आज सात महिने झाले. दूध घालायला येणारा मुलगा, सोसायटीतले कारकून, वरातीचे घोडे पुरवणारे एक काका, नणंदेचे दीर, सगळ्यांनी हा एकच प्रश्न विचारला आहे. आणि विचारून कोणी थांबत नाही. प्रत्येक जण उत्तरही स्वतःच देतो. "बासष्ट होईल, लिहून ठेवा." "नाही हो, अठ्ठावन्नवर अडकणार, पाय बघा." मैनेचे पाय बघून सांगतात, कान बघून सांगतात, एकाने तर शेपटीच्या बुडाशी हात लावून सांगितलं. सांगणाऱ्याला ते खरं ठरलं की नाही हे बघायला चार वर्षांनी परत यायचं नसतं. मला मात्र रोज सकाळी तिच्या पुढ्यात चंदी ठेवायची असते.

मोजतात कसं, ते मी दारात उभी राहून पाहिलं आहे. शिवणाची टेप घेतात आणि खांद्यावरून पोटाच्या फुगवट्याला लागून खाली सोडतात. पोटाला वळसा घालून गेलेली टेप दीड-दोन इंच जास्त दाखवते. शेणामातीच्या उताराच्या जमिनीवर मोजतात. घोड्याची मान वर ओढून धरतात, त्याने उंची वाढते अशी समजूत आहे. खरं तर सपाट फरशी लागते, चारी पाय सरळ खाली असावे लागतात, मान सहज ठेवलेली असावी लागते, आणि सरळ काठीला आडवी पट्टी लावून ती उंचवट्यावर टेकवावी लागते. माझ्या सासऱ्यांनी सागाची अशी काठी करून घेतली होती, तिला गुण्यात धरायला छोटी पाणसळही होती. ती काठी गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे. सगळ्यांना दिसते. सात महिन्यांत त्यांच्यातल्या कोणीही ती खाली काढली नाही.

शहरातून फोन येतात त्यांचा त्रास निराळा. तिकडे घोड्याची उंची 'हँड'मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे ४ इंच. १४.२ असं लिहिलं की त्याचा अर्थ १४ हँड आणि वर २ इंच, म्हणजे ५८ इंच. ते दशांश नव्हेत. १४.४ असं काही नसतंच, ते सरळ १५ होतात. पण शिकलेली माणसं मोबाइलवर १४.२ गुणिले ४ करतात आणि मला सांगतात, "म्हणजे छप्पन्न पॉइंट आठ इंच." एका पाहुण्यांनी हँडचं मराठी करून 'पंधरा हात घोडा' असं म्हटलं. आपला हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दीड फुटाचा. पंधरा हात म्हणजे साडेबावीस फूट. मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, तेच ते. तेच ते नाही.

आता दोरीविषयी. श्रावणात एकाच दुपारी तिघांनी मैनेला मोजलं. पहिल्याने गुडघ्याच्या मध्यापासून खुराच्या वरच्या केसांच्या रेषेपर्यंत दोरी धरली. जितके इंच भरतील तितके हँड घोडा होणार, अशी ती रीत. १५ इंच भरले तर १५ हँड, म्हणजे ६० इंच. दुसऱ्याने कोपरापासून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत दोरी घेतली, मग तिचं खालचं टोक उचलून कोपरावरून सरळ वर नेलं. ते जिथे पोचेल तिथे उद्याचा खांदा. तिसऱ्याने दोरी न घेता आईचे ५९ आणि बापाचे ६२ मिळवून अर्धे केले. उत्तरं आली ५८, ६२ आणि साडेसाठ. तिघांनाही आपलं उत्तर पक्कं वाटत होतं आणि चहा होईपर्यंत ते एकमेकांशी भांडत होते. मैना दोरीला घाबरून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. त्यानंतर पंधरा दिवस मला तिच्या गळ्यात साधं दावं बांधता आलं नाही. आधी ती माझ्या हातून आपणहून दावं घालून घ्यायची.

दोरीत काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. गुडघ्याखालची नळी जन्मालाच बरीचशी लांब झालेली असते, म्हणून तर शिंगरू सगळं पायच पाय दिसतं. हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेची पट्टी असते, हाड तिथून वाढतं, आणि ती पट्टी पक्की झाली की वाढ थांबते. नळीच्या खालच्या टोकाची पट्टी वर्षाच्या आतच मिटत येते. गुडघ्याच्या वरची दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, खांद्याजवळची त्याहून जास्त, आणि पाठीच्या मणक्यांची तर पाच वर्षं उलटली तरी पुरती मिटलेली नसते. म्हणजे दोरी मोजते ती लवकर संपणारी वाढ, आणि त्यावरून उशिरा संपणाऱ्या वाढीचा अंदाज बांधते. शिवाय हिशेब बघा. गुडघ्याखाली एक इंच म्हणजे उंचीत चार इंच. पाव इंच इकडेतिकडे झालं की उत्तर एका इंचाने हललं. आणि हलत्या शिंगराच्या गुडघ्याचा नेमका मध्य पाव इंचाच्या आत कोण शोधणार?

टक्क्यांचा हिशेब मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. शिंगरू जन्मतं तेव्हा पुऱ्या उंचीच्या साधारण ६० ते ६५ टक्के असतं, वजन मात्र जेमतेम दहावा हिस्सा. सहाव्या महिन्याला उंची ८३-८४ टक्क्यांवर येते, वर्षाला नव्वदी ओलांडते, दोन वर्षांना ९७-९८. हे आकडे मुख्यतः शर्यतीच्या थरोब्रेड शिंगरांच्या मोजणीतून आलेले आहेत. आमच्या भागातल्या मारवाडी-काठियावाडी शिंगरांची महिन्यामहिन्याची उंची लिहिलेली वही मी निदान सहा-सात पागांमध्ये मागितली. एकाही ठिकाणी नव्हती. घोडा किती लाखाला गेला ते सगळ्यांच्या तोंडपाठ होतं.

म्हणून मी वही घातली. मैना सहा महिन्यांची झाली तेव्हा काठीने ५० इंच भरली. ८३ टक्के धरले तर पुरी वाढ ६० च्या किंचित वर. ८१ धरले तर पावणेबासष्ट. ८६ धरले तर अठ्ठावन्न. टक्क्यांत एवढा फरक एकाच आईच्या दोन शिंगरांत पडू शकतो. तेव्हा माझं उत्तर अठ्ठावन्न ते बासष्ट असं आहे, आणि मी ते प्रत्येकाला असंच सांगते. त्यावर लोक हसतात. म्हणतात, "हे तर आम्हीही सांगितलं असतं." सांगितलं नव्हतं. एकाने अठ्ठावन्न सांगितलं होतं, एकाने बासष्ट.

सगळ्यात लागतं ते हे की चौकशी होते ती बापाची. "घोडा कोणता दाखवला? किती इंची? कोणाच्या दावणीचा?" अकरा महिने पोटात वागवणारी घोडी शेजारीच उभी असते, तिच्याकडे कोणी मान वळवत नाही. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी केंब्रिजला केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शायर हे गाडे ओढणारं प्रचंड जनावर, आणि शेटलंड म्हणजे कमरेएवढं तट्टू. या दोन जातींचा त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. एकीकडे आई शायर आणि बाप शेटलंड, दुसरीकडे आई शेटलंड आणि बाप शायर. आकारात इतका फरक असल्यामुळे कृत्रिम रेतन करावं लागलं. दोन्हीकडच्या शिंगरांत रक्त अर्धं-अर्धंच, पण शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मतः शेटलंडच्या पोटच्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचं निघालं. लहान आईच्या पोटची पुढेही लहानच राहिली. आईच्या पोटात जागा किती, तिला शेवटच्या तीन महिन्यांत खायला काय मिळालं, हे बापाच्या बासष्ट इंचांइतकंच, किंबहुना सुरुवातीला त्याहून जास्त मोलाचं असतं. मी गाभण घोडीला शेवटचे तीन महिने वेगळी चंदी केली, लसूणघास बांधावर लावला. त्याबद्दल सात महिन्यांत एकानेही विचारलं नाही. माझं कौतुक करा असं मी म्हणत नाही, पण घोडीचं तरी नाव घ्या.

सल्ले मात्र पुष्कळ येतात. उंची वाढायला दूध द्या, अंडी फेटून द्या, तूप पाजा, आणि गव्हाचा कोंडा पाटीभर घाला. बाकीच्यावर मी गप्प बसते, कोंड्यावर बसत नाही. कोंड्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस आठ-दहापट असतो. रोज पाटीभर कोंडा खाणाऱ्या घोड्याचं शरीर हा तोल सावरायला आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. हाडं पोकळ होतात, जबडा सुजतो, चेहरा फुगल्यासारखा दिसतो. युरोपात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग व्हायचा, कारण तिथे कोंडा फुकट होता. आणि नुसतं जास्तीचं खाणं घालून घाईने वाढवलेल्या शिंगराच्या गुडघ्याच्या वर गाठी येतात, सांध्यातली कूर्चा नीट घडत नाही. असं शिंगरू बाजारात उंच दिसतं आणि चौथ्या वर्षी लंगडतं. असा एक देखणा बछडा मी पाहिलेला आहे. त्याच्या मालकानेही बासष्टचीच आस धरली होती.

अश्विनात मैनेचा पुठ्ठा खांद्याच्या वर गेला, चांगला इंचभर. शिंगरं अशीच वाढतात, आधी मागून, मग पुढून, मग परत मागून. त्या आठवड्यात आलेले खूश होऊन गेले. कार्तिकात खांदा बरोबरीला येत होता तेव्हा आलेले म्हणाले, वाढ खुंटली. दोन्ही वेळा मैना तीच होती आणि तिची तब्येत उत्तम होती.

आणि ठेंगणा घोडा म्हणजे वाया गेलेला घोडा, हे तरी कोणी ठरवलं? भीमथडीची तट्टं ठेंगणीच. मराठ्यांची घोडदळं त्यांच्यावर दूरदूर गेली, आजही धनगरांचे वाडे त्यांच्या पाठीवर घाट उतरून कोकणात जातात, आणि आता कुठे त्या जातीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली आहे. वरातीच्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, नवरदेव उंच दिसायला पाहिजे."

गेल्या आठवड्यात, यात्रेच्या तोंडावर, नालबंद आला. मैनेचे खुर वाढले होते आणि डाव्या पुढच्या पायाचा बाहेरचा कोपरा जास्त वाढल्यामुळे पाय आत झुकत होता. वाढत्या वयात हे तसंच राहिलं तर सांधा वाकडाच पक्का होतो. दारात दोघे-तिघे उभे होते. त्यातले एक भाऊ कळवळून म्हणाले, "वहिनी, यात्रा होईपर्यंत थांबा, पाव इंच जाईल."

मी नालबंदाला चारही खुर करायला सांगितले. मग मैनेला ओट्यापुढच्या फरशीवर उभं केलं, खुंटीवरची काठी काढली आणि नालबंदालाच पट्टी धरायला लावली. तो म्हणाला ५१. वहीत लिहिलं: मार्गशीर्ष, महिना सातवा, ५१, खुर कापल्यावर. त्याने पुढे विचारलं, "दूध तोडलं का हिचं?"

"मागच्याच पंधरवड्यात," मी म्हटलं, आणि त्याला आत बसायला सांगितलं.