पेनड्राइव्हमधला मृतसाठा

साठा म्हणजे काय, हे उजनीकाठच्या माणसाला शिकवायला नको. धरण 117 टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात त्यालाही हात लागतो, म्हणून आमची टक्केवारी उणे. शेतीची लाइट रात्रीची, मालिकेच्या वेळेला आम्ही मोटारीपाशी. मग सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून तेरा भाग भरून ठेवले. शेजारच्या वहिनींनी मागितले, दिले. त्यांच्या बॉक्सनं ओळखच दाखवली नाही! रेकॉर्डिंग म्हणे ज्या बॉक्सनं केलं, त्यालाच दिसणार. धरणातल्या मृतसाठ्याला निदान पाइप तरी टाकता येतो. इथं तीही सोय नाही. वर बॉक्सनं विचारलं, ‘फॉरमॅट करू?’ वहिनी भिडस्त, त्यांनी ‘हो’ दाबलं.

सध्या आमचा साठा उणे तेरा भाग.