जांभईचा अर्थ

आमच्या घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांनाही मराठी समजतं. 'बिस्कीट', 'आंघोळ', 'डॉक्टर' हे शब्द तर सोडाच, पण फोनवर मी "आता जरा बाहेर पडतोच आहे" असं नुसतं पुटपुटलो तरी भडंग पट्टा तोंडात धरून दारात हजर असतो. उलट त्यांचं मला काही म्हणजे काही समजत नाही, असं हिचं म्हणणं आहे, आणि ते ती त्या दोघांच्या देखत मांडते.

भडंग मूळचा विश्रामबाग स्टेशनबाहेरचा. एका पावसाळ्यात आडोशाला कुडकुडत बसला होता. माझ्या हातात भडंगाची पुडी होती, ती त्यानं कागदासकट संपवली आणि माझ्यामागोमाग घरापर्यंत आला. बारशाची वेगळी गरज पडली नाही. (कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशींवर परिणाम होतो, हे डॉक्टरांनी नंतर मला असं काही रागावून सांगितलं की त्या खोलीत कुणी शेपूट घातलं असेल तर ते मी.) बिजली आली जतच्या मेव्हण्याकडून. ती कारवान. लांब तोंड, लांब पाय आणि कमरेच्या जागी जवळपास काहीच नाही. पलीकडे कर्नाटकात हिलाच मुधोळ म्हणतात, आणि २००५ साली टपाल खात्यानं ज्या चार देशी जातींवर तिकिटं काढली त्यात ही एक. सशाच्या मागे वाऱ्यासारखी धावणारी शिकारी जात, असं मेव्हणा छाती फुगवून सांगत होता. आमच्याकडे ससा नाही, त्यामुळे ती दिवसभर सोफ्यावर असते. आम्ही दोघं खुर्चीवर बसतो.

खरं तर कुत्र्यांची भाषा शिकायची वेळ माझ्यावर यायला नको होती. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश, एवढं एक वाक्य मला लहानपणापासून येत होतं आणि त्या एका वाक्यावर मी साठी गाठली होती. मग नेमिनाथनगरात एका ओळखीच्यांकडे सत्यनारायणाला गेलो. त्यांचं पांढरं केसाळ कुत्रं माणसांच्या गर्दीला भिऊन सोफ्याखाली बसलं होतं आणि त्याचं शेपूट हलत होतं. जमलेल्या लहान मुलांना "घाबरायचं नाही, शेपूट बघा, किती आनंद झालाय त्याला" असं समजावत मी खाली वाकलो, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि थेट डोक्यावर हात ठेवला. प्रसाद मला डाव्या हातानं खावा लागला.

त्या लशीच्या वेळापत्रकावर शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस असे आकडे होते. शून्य शिलकीची खाती मी बँकेत पुष्कळ पाहिली, पण शून्याव्या दिवसाचं इंजेक्शन हा अनुभव नवीन होता. दूध घालायला येणाऱ्या मामांनी दंडाची सूज पाहून चौकशी केली आणि म्हणाले, "सायेब, शेपटाकडं कशाला बघायचं? शेपूट रागातबी हलतंय. कान मागं गेलं, अंग ताठलं, की आपला हात आपल्यापाशी. एवढंच हाय की." हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी किटलीला झाकण लावलं.

पुस्तक पुण्याच्या भाच्यानं पाठवलं. तुरिद रुगास या नॉर्वेच्या बाईंचं. या बाई आयुष्यभर कुत्र्यांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी तीसेक खुणा नोंदवल्या. त्या म्हणतात, कुत्रं जांभई देतं ते दर वेळी झोप आली म्हणून नव्हे, पुष्कळदा मनावर ताण आला म्हणून, समोरच्याला 'शांत हो, मला भांडायचं नाही' असं सांगायला. तोंड फिरवणं, ओठांवरून जीभ फिरवणं, मध्येच जमीन हुंगायला लागणं, सरळ चालून न येता वळसा घालून येणं, सगळ्याचा सूर तोच. इथवर ठीक होतं. पण पुढे त्या असंही म्हणतात की माणसानंही या खुणा वापरून पाहाव्यात, कुत्र्यांना त्या कळतात.

हे वाक्य त्यांनी लिहायला नको होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भटक्या कुत्र्यांची एक टोळी असते आणि रात्री जेवणानंतर भडंगला घेऊन तिच्यासमोरून जाणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग. त्या रात्री मी पुस्तकाप्रमाणे गेलो. रस्त्याच्या मधोमध लांबलचक कमान काढत, मान एका बाजूला टाकून, जांभया देत, ओठ चाटत, आणि टोळीचा म्होरक्या उठून उभा राहिला तेव्हा खबरदारी म्हणून थोडा खाली वाकून जमिनीकडे नाक नेत. सांगायला आनंद वाटतो की कुत्र्यांनी वाट दिली. म्होरक्यानं तर चक्क तोंड फिरवलं. मागून आमच्या सोसायटीचे चेअरमन येत होते, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीपाशी दोन-तीन बायकांनी हिला वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, साहेब हल्ली घेतात का?

त्यानंतर शंभर फुटी रस्त्यावर बँकेतले एक जुने सहकारी भेटले. ते पेन्शनच्या फरकाविषयी तळमळीनं बोलत होते आणि मुद्दा ठसवायला हातातली काठी आपटत होते. काठी बघून भडंग आक्रसला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. म्हणून मी त्याच्या दिशेनं एक प्रशस्त जांभई दिली. भडंग निवळला. मग आणखी एक दिली. सहकाऱ्यांनी फरकाची रक्कमही सांगितली नाही आणि निरोपही घेतला नाही. पुढे मी पुस्तकातलं ते पान दाखवायला त्यांच्या घरी गेलो, तर सूनबाईंनी दार अर्धंच उघडलं.

भाचा मात्र माझ्या चिकाटीवर खूश होता. त्यानं पुढची गंमत कळवली. २००७ साली इटलीत वालोर्तिगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या शेपटांचं चित्रण करून पाहिलं. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मेंदूच्या दोन अर्धांची कामं वेगळी असतात, त्याचा हा परिणाम. आता घरात कुणाचा किती मान आहे याचा निकाल लावायचं इतकं निःपक्ष साधन हाती आल्यावर कोण गप्प बसेल? मी व्हरांड्यात पाटावर बसून, भडंगला समोर उभा करून निरीक्षणं टिपायला लागलो. मी हाक मारली की शेपूट डावीकडे. हिनं हाक मारली तरी डावीकडे, पण दूधवाले मामा आले की त्याहूनही डावीकडे. आमच्या घरात कुणी कुणाचं नाही, असा विषण्ण निष्कर्ष काढून मी संध्याकाळी जेवलो नाही. रात्री हिनं वही चाळली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही त्याच्या तोंडासमोर बसता ना? मग तुमची डावी ती त्याची उजवी." म्हणून दुसऱ्या दिवसापासून पाट त्याच्या मागे नेला. हे निरीक्षण फार काळ चाललं नाही, कारण ही स्वयंपाकघरातून येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "आत या. समोरच्या वहिनी गॅलरीत उभ्या आहेत."

सातारला एका लग्नाला गेलो तेव्हा भडंगही बरोबर होता. परतताना मुद्दाम संगम माहुलीला थांबलो. कृष्णा आणि वेण्णेच्या त्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून येत असताना खंड्यानं भुंकून महाराजांना सावध केलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सातारकर सांगतात. माझ्या मनात आलं, ते भुंकणं महाराजांना नेमकं कळलं. 'गप रे, मांजर असेल' असं ते म्हणाले नाहीत. त्या जागी मी असतो तर पालखी वाघाला द्यावी लागली असती. मी भडंगला हे सगळं समजावून सांगत होतो, आणि तो नाक खाली घालून अतिशय शांतपणे जमीन हुंगत पुढे सरकत होता. जमीन हुंगणं म्हणजे शांततेची खूण, हे मी हिला समाधीच्या साक्षीनं पुस्तकाप्रमाणे सांगितलं. भडंग गोल फिरला आणि त्यानं पाय वर केला. सुदैवानं समाधी लांब होती. जवळ होती ती आमची पिशवी. पिशवीत सातारचे कंदी पेढे होते. हिच्या माहेरच्यांसाठी.

बिजलीचं तंत्र निराळं. तिच्या जातीची कुत्री नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतात, त्यामुळे तिला मैदानापलीकडचं मांजर माझ्याआधी दिसतं. मला ते बहुतेक वेळा दिसतच नाही. एका संध्याकाळी वालचंद कॉलेजच्या बाहेर ती चालता चालता एकदम थांबली, अंगातला वाराही हलेना, आणि पुढचा एक पाय तिनं अलगद वर उचलला. रुगासबाईंच्या यादीत पाय उचलणं आहे. मी तिच्या शालीनतेनं भारावलो, पट्टा मनगटाला गुंडाळला होता तो तसाच ठेवून खाली वाकलो आणि तो पाय हातात घ्यायला गेलो. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एक चप्पल, एक सायकल, कुणीतरी ओतलेला चहा, आणि रस्त्याचं डांबर फार जवळून. इंजिनिअरिंगची पोरं धावत आली, मला उचललं, चष्मा शोधून दिला. त्यातल्या एकानं अतिशय काळजीनं विचारलं, "काका, लागलं नाही ना?" आणि मी नाही म्हटल्यावर दुसऱ्याला हळूच विचारलं, "हा न्यूटनचा पहिला का तिसरा?"

आता होळीचं सांगतो. ते सांगायचं नव्हतं, पण ही तुम्हाला सांगेलच.

मला साखर आहे. पुरणपोळी मी फक्त नैवेद्याच्या ताटात बघायची, असा घरातला ठराव आहे. त्या दिवशी ही गच्चीतून खाली आली आणि तिला ओट्यावरच्या चळतीत एक पोळी कमी भरली. मी ताबडतोब कडक आवाजात भडंगला हाक मारली. "काय केलंस हे? बघ माझ्याकडे!" आणि भडंगनं काय सुरेख कबुली दिली म्हणून सांगू! कान पाडले, शेपूट पायात घातलं, अंग चोरलं, नजर फरशीला. "बघ," मी हिला म्हणालो, "चेहऱ्यावर लिहिलंय." बिजलीनं सोफ्यावरून एक डोळा उघडून पुन्हा मिटला.

ही भडंगाकडे बघत नव्हती.

"तुम्हीच नाही का मला महिनाभर ऐकवत होतात," ती म्हणाली, "अमेरिकेतल्या त्या हॉरोविट्झबाईंचं? २००९ सालचं? चौदा कुत्री घेतली, मालकांना खोटंच सांगितलं की यानं खाऊ खाल्ला, आणि मालक रागावले की न खाल्लेल्या कुत्र्यांनीही अपराधी तोंडं केली. उलट न खाल्लेल्यांनी जास्तच. ते तोंड रागावण्याचं असतं, चोरीचं नसतं."

मी म्हणालो, प्रयोग प्रयोगाच्या जागी असतात.

"मग तुम्ही तोंड का फिरवलंत?"

मी खिडकीबाहेर बघत होतो, ते सहज.

"आणि ओठ चाटताय."

उन्हाळा लागलाय, तोंड सुकतं, असं मी म्हणणार होतो, पण नेमकी त्या क्षणी, मी काहीही ठरवलेलं नसताना, मला एक दीर्घ जांभई आली.

पुस्तक तिनं वाचलेलं होतं. पेन्सिलीनं खुणा करून.

भडंग निर्दोष सुटला आणि त्याला तुपाचा घास मिळाला. मी रात्री भाकरी आणि दोडका खाल्ला. तेव्हापासून घरात माझं काही लपून राहत नाही. चहात साखर घातली का, औषध घेतलं का, मेव्हण्याला पैसे दिले का, असं विचारून ही माझ्याकडे नुसती बघत उभी राहते, आणि मी कुठल्या बाजूला मान वळवतो त्यावरून रक्कमही सांगते. दोन्ही कुत्री त्या वेळी तिच्या शेजारी बसलेली असतात आणि, माझा भास नसेल तर, टिपणं घेत असतात.

तेव्हा विश्रामबागेत कधी आलात तर जरूर या. भडंगाच्या अंगावर वाकू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, जरा कडेला उभे राहा आणि त्याला आधी हुंगू द्या. बिजली एक पाय उचलून थांबली तर मांजर कुठं आहे ते आधी बघा. आणि येताना पेढे आणलेत, तर ते हिच्या हातात द्या. माझ्या हातात दिलेत की मला जांभया येतात.