खिडक्या बसवून गायब झालेल्या अ‍ॅल्युमिनियमवाल्यास अनावृत पत्र

अ‍ॅल्युमिनियमवाले,

मायन्यात 'सप्रेम नमस्कार' लिहायची पद्धत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

बारा वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला तुम्ही पाच सरकत्या खिडक्या बसवल्यात. "ताई, आता वीस वर्षं बघायला नको," असं म्हणत उरलेले पैसे मोजून घेतलेत आणि गेलात. तुमचा फोन त्यानंतर एकदाही लागला नाही.

गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातली खिडकी अडकली. फोडणीचा धूर कोंडला म्हणून आईनं ती जोर लावून ओढली आणि तिचा खांदा धरला. ती शहात्तर वर्षांची आहे. महिनाभर तिला फळीवरचा डबा काढता येत नव्हता. तो महिना मी तुमच्या खात्यावर मांडला आहे.

मग खिडकी मीच उघडायला घेतली. पल्ला दोन्ही हातांनी वरच्या पट्टीत उचलायचा, खालची कड आत ओढायची, की तो हातात येतो. इतकं सोपं काम तुम्ही जाताना दाखवलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं? पल्ला जमिनीवर आडवा घातला आणि खालच्या पट्टीतला रोलर पाहिला. लोखंडी चाक गंजून दांड्याला चिकटलं होतं. एका बाजूनं घासून सपाट झालं होतं. ते फिरत नव्हतं, फरफटत होतं, आणि फरफटताना त्यानं खालचा ट्रॅकही खाल्ला होता.

पट्टीचे स्क्रू तर स्क्रू म्हणण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. साध्या लोखंडी स्क्रूवरचा झिंकचा मुलामा गेला की तो ओलाव्यात गंजतो, आणि त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. भोकांभोवती पांढरी भुकटी साचली होती. पेचकस धरायला खाचच नाही, म्हणून डोकी ड्रिलनं उडवावी लागली. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले असतेत तर एका खिडकीमागे दोन चहांचे पैसे जास्त गेले असते. ते तुम्ही वाचवलेत आणि आम्हाला सांगितलंही नाहीत.

आणखी एक. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं पाडायची असतात. तुम्ही एकही पाडलं नाहीत. बारा पावसाळे ट्रॅकमध्ये पाणी तुंबत होतं, त्यातच तुमचा लोखंडी रोलर उभा होता, आणि भरलं की ते ओट्यावर उतरत होतं. आम्ही फडकी कोंबत राहिलो.

जुना रोलर वर्तमानपत्रात गुंडाळून मी बोहरी आळीत गेले. पहिल्याच दुकानात विचारलं, "सेक्शन कुठला? पाऊण इंची की एक इंची?" मला कुठं माहीत? तुमच्या बिलावर 'खिडकी ५ नग' एवढंच लिहिलंय. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी ड्रॉवर ओतला, एकेक रोलर माझ्या जुन्या रोलरशेजारी लावून मापला आणि जवळचा एक काढून दिला. नायलॉनचं चाक, स्टीलचा दांडा. कड थोडी जाड होती, ती कानशीनं घासायला सांगितली. त्यांच्याकडून मी जे शिकले ते शिकवणं तुमचं काम होतं.

कायद्याचं म्हणाल, तर रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामात खोट निघाली, तर बिल्डरनं ती ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायची असते. पण तुम्हाला मी स्वतः बोलावलं होतं, त्यामुळे ती वाट मला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं यांच्यापासून तिनं सुरुवात केली. घराच्या खिडकीला तिथं वेगळी जागा नव्हती. ती असायला हवी होती, कारण फ्रीज बिघडला तर निदान त्याच्या पाठीवर मॉडेल नंबर तरी असतो.

आज तुम्ही कुणाच्या तरी घरी खिडकी बसवत असाल. तिथं तरी बिलावर सेक्शनचं नाव आणि रोलरचं माप लिहा. दोन रोलर पिशवीत घालून घरमालकाच्या हाती द्या. ट्रॅकला भोकं पाडा. पल्ला कसा काढायचा ते एकदा करून दाखवा. आणि वाचणाऱ्यांनो, एवढं हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

उरलेल्या चार खिडक्यांचे रोलर मी आणून ठेवले आहेत. स्वयंपाकघरातली खिडकी आई आता एका हातानं सरकवते.

तुमची एक फसलेली गिऱ्हाईक,
कोथरूड, पुणे