कायमचा पत्ता

नार्वेच्या श्री सप्तकोटेश्वराला उद्या पासपोर्ट काढायचा झाला, तर अर्ज पहिल्याच पानावर अडेल. जन्मस्थान: नार्वे. सध्याचा पत्ता: नार्वे. खिडकीमागचा कारकून म्हणणार, "अहो, गाव तर एकच दिसतंय, मग स्थलांतराच्या रकान्यात हे काय भरलंय?" त्याला समजावणं सोपं नाही. मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेटावर एक नार्वे आहे आणि अलीकडे डिचोली तालुक्यात आमचं नार्वे. मधे नदी. फेरीबोटीवर चढताना कुणी कुणाचं नाव विचारत नाही. फार तर "स्कूटर जरा फुडें घे रे" म्हणून ओरडतात. देव त्या नार्वेचा या नार्वेला आला तेव्हा मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यांमधली सरहद्द होती.

सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्याच्या वरप्रसादाने आपल्याला राज्य मिळालं असं ते बिरुदात मिरवत, नाण्यांवर त्याचं नाव घालत. म्हणजे राजाचं ओळखपत्रच देवाच्या नावाने निघायचं. पुढे बहामनींच्या काळात देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी परत पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायच्या कामी लावलं होतं असं सांगतात. भाविकांनी ते तिथून गुपचूप काढलं आणि नदीपार आणलं. अलीकडचा काठ आदिलशाहीचा. ख्रिस्ती राज्यातून परागंदा झालेल्या हिंदू देवाला मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा मिळाला आणि कागद कुणी मागितला नाही. आजचा अधिकारी असता तर त्याने निदान चार प्रश्न तरी विचारलेच असते. येण्याचा हेतू? मुक्काम किती दिवस? उतरणार कुणाकडे? परतीचं तिकीट आहे का?

रहिवासाचा पुरावा मिळायला मग शंभरेक वर्षं गेली. 1668 साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला आणि तसा शके 1590 चा शिलालेख बसला. रहिवासी दाखला असावा तर असा: दगडात कोरलेला, झेरॉक्स काढायची सोय नाही, आणि मुदत संपली म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

त्याच सुमाराला महाराजांची माणसं थोडीथोडी करून, वेष पालटून, पोर्तुगिजांच्या मुलखात शिरली होती असं त्या काळच्या पत्रव्यवहारात आहे. पुरेशी जमली की आतूनच उठाव करायचा, असा बेत. व्हाइसरॉयला वास लागला आणि बेत फसला. मला राहूनराहून वाटतं, पकडणाऱ्यांनी त्यांना ओळखलं कसं? फोटो नाही, अंगठा नाही, डोळ्यांच्या बुबुळांचं यंत्र नाही. बहुतेक गोव्यात आजही जी एकमेव खात्रीलायक तपासणी चालते तीच झाली असणार. अनोळखी माणूस दिसला की आमच्याकडचा कुणीही म्हातारा त्याला थांबवतो: "खंयचो रे तूं? कोणालो?" बापाचं नाव सांगितलं की वाडा विचारतो, वाडा सांगितला की कुळदेव, आणि तिथून पाच मिनिटांत तुमच्या मावशीच्या नणंदेपर्यंत पोचून "म्हणजे तू आमचाच की" असं ठरवून टाकतो. या चौकशीतून खोटं बोलून सुटलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. विमानतळावरचे अधिकारी त्या मानाने फारच भोळे, पुस्तकात लिहिलेलं खरं मानतात.

यानंतरच्या काळात नार्वेने काही केलं नाही. गाव होतं तिथेच राहिलं. सरहद्दच उठून चालू लागली. 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले आणि नदीतली सीमा सरकत सरकत डोंगराकडे, दोडामार्ग आणि पत्रादेवीच्या बाजूला जाऊन बसली. देवाची तर कमालच झाली. ज्यांच्यापासून पळून तो नदीपार आला, ते दोनशे वर्षांनी त्याच्या मागोमाग नदी ओलांडून आले. तोवर त्यांचाही आवेश बराच निवळला होता, म्हणून देऊळ राहिलं.

नव्या सरहद्दीला सुरुवातीला कुणी फार मनावर घेतलं नाही. आमच्याकडच्या मुली सावंतवाडी संस्थानात पडत, तिकडच्या इकडे येत. नाक्यावर जकातीपुरती झडती व्हायची, तीही माणसाच्या नावगावाची कमी आणि गाठोड्याची जास्त. खरी सीमा उगवली ती 1955 साली. 15 ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही ही रेघ बिनपरवाना ओलांडायला निघाले आणि समोरून गोळ्या आल्या. तिथे माझी थट्टा थांबते. त्यानंतर भारताने पणजीतली वकिलात बंद केली, नाकेबंदी कडक झाली, आणि डिचोलीहून दोडामार्गला परमिटाशिवाय जाता येईना. तोवर पोह्यांबरोबर शेजारी घरची खबर जायची, ती परदेशची खबर झाली.

आमची एक आत्या सीमेपलीकडे भेडशीकडे दिलेली. तिला चवथीला माहेरी यायचं होतं. परमिटासाठी अर्ज, अर्जासाठी शिफारस, शिफारशीसाठी कुणाचे तरी पाय, आणि हे सगळं होईतो गणपती पोचवायची वेळ झाली असती. आत्याने हे सारं ऐकून घेतलं, पिशवीत नेवऱ्यांचा डबा घातला आणि काजूच्या रानातून, गुरं जातात त्या वाटेने, चालत आली. वाटेत एक शिपाई भेटलाही. त्याने काय विचारलं आणि हिने काय सांगितलं याच्या घरात तीन आवृत्त्या आहेत. डब्यातल्या काही नेवऱ्या कमी झाल्या होत्या, यावर मात्र तिन्हींचं एकमत आहे.

त्याच वर्षांत तिकडे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल आणि भारत भांडत होते, की दमणहून दादरा-नगर हवेलीला भारताच्या हद्दीतून जायचा पोर्तुगालला हक्क आहे की नाही. एप्रिल 1960 मधे निकाल लागला: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलिस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नव्हता. आत्याला हे कुणीतरी समजावून सांगितलं म्हणे. ती म्हणाली, "मग आमी पयलींच बरोबर आशिल्लीं." खाजगी व्यक्ती ती स्वतः, आणि माल डब्यात.

नाकेबंदीत माणसं अडली तरी बटाटे अडले नाहीत. ते हॉलंडहून येत. चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. भेडशीच्या आत्याला सात-आठ कोसांवरून यायला बंदी, आणि चवथीच्या भाजीतला बटाटा अर्धी पृथ्वी ओलांडून ताटात हजर.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि सगळं मिटलं. मिटलं म्हणजे आमच्या बाजूने. कागदाच्या बाजूने तेव्हा कुठे सुरू झालं. मार्च 1962 मधे नागरिकत्वाचा हुकूम निघाला: 20 डिसेंबर 1961 च्या आधी या प्रदेशात जो जन्मला, किंवा ज्याचे आईबाप, आजा-आजी इथे जन्मले, तो भारताचा नागरिक. ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने महिन्याभरात लिहून द्यावं. बहुतेकांनी काहीच लिहून दिलं नाही आणि झोपेतच नागरिक झाले. पण मोंसिन्योर रेमेदियुश मोंतेरो या पाद्रींनी लिहून दिलं. झालं, ते आपल्याच गावात परदेशी ठरले. राहायचा परवाना काढावा लागला, त्याची मुदत संपल्यावर त्यांनी तो पुन्हा मागायला नकार दिला, खटला झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1969 साली तिथेही ते हरले. त्यांची बाजू बरोबर होती असं मी म्हणत नाही. पण एक पाऊलही न हलता माणूस परदेशी होऊ शकतो हे त्यांनी जेवढं नीट दाखवून दिलं तेवढं दुसऱ्या कुणी दाखवलं नसेल.

गंमत अशी की पुढे काटा उलटा फिरला. डिसेंबर 1974 मधे पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण पोर्तुगीज अमलात इथे जन्मलेल्यांचा आपल्या नागरिकत्वावरचा हक्क शाबूत ठेवला, मुलानातवंडांसकट. जन्माची नोंद लिस्बनला करायची आणि पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचा. मग तो घेऊन पोर्तुगालला जायचं, असं थोडंच आहे? गोंयकार जातो ते इंग्लंडला, स्विंडनला.

यासाठी लागतो 'तेओर', म्हणजे पोर्तुगीज काळच्या जन्मनोंदीचा संपूर्ण उतारा. घरात आत्याचा एकदा पाहायला मिळाला. पिवळट कागद, तिरपं बारीक अक्षर. एवढा सविस्तर जन्म मी कुठे वाचला नव्हता. मूल किती वाजता जन्मलं, कुठल्या वाड्यावर, बाप काय करतो, दोन्हीकडचे आजे-आज्या कोण, साक्षीदार कोण. एका पानात सगळी सोयरीक. आमच्या म्हाताऱ्यांची "कोणालो?" ही चौकशी पोर्तुगिजांनी शाईत उतरवून घेतली होती. फक्त नावं ओळखू येत नाहीत. शेणव्यांचे सिनाय, कामतांचे कामोतीम, डिचोलीचं बिचोलीम, आमच्या नार्वेचं नारोआ. शंकराच्या नावात तर फुलीचं अक्षर.

त्यातून बाईमाणसाचा कागद असेल तर विचारूच नका. माहेरचं नाव एक. लग्नात तांदळात नवऱ्याने लिहिलेलं दुसरं. घरात हाक मारायची ती तिसरीच. आधार कार्डावर इंग्रजी अक्षरं लावणाऱ्याच्या मर्जीने चौथं. आणि तेओरमधे पाचवं. एका कार्यालयात साहेबांनी हे सगळे कागद पत्त्यांसारखे टेबलावर पसरले आणि आत्याला विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?" आत्या त्या वेळी ऐंशीच्या पुढे. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकेक कागद पाहून म्हणाली, "सगळ्योच. पूण हो फोटो म्हजो न्हय." फोटो तिचाच होता.

मग प्रतिज्ञापत्र. 'मी अमुक आणि मी तमुक या दोन भिन्न व्यक्ती नसून एक आणि तीच व्यक्ती आहे.' आपल्याकडे या गोष्टीसाठी लोकांनी हिमालयात तपं केली. डिचोलीत ती स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासह, दुपारच्या आत मिळते.

अशी सगळी सिद्धता होऊन, ज्याने उभ्या आयुष्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, त्याची नोंद लिस्बनच्या दप्तरात होते आणि त्याचा नातू युरोपियन ठरतो. त्यात पुन्हा ब्रेक्झिट आलं. 2020 संपता संपता पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडमधे सहज राहायची सोय गेली. जे आधी पोचले ते पोचले, उरलेल्यांच्या फायली अर्ध्यावर. त्या वर्षी आमच्या भागात इंग्लंडच्या राजकारणावर जेवढी मनापासून चर्चा झाली तेवढी लंडनच्या पबमधेही झाली नसेल.

त्याच वर्षात जुनी सरहद्दही एकदा जागी झाली. टाळेबंदीत पत्रादेवीला, दोडामार्गला लाकडी अडसर पडले आणि दोडामार्गवाल्याला गोव्यातल्या औषधाच्या दुकानापर्यंत यायला पुन्हा कागद लागू लागला. आत्या तेव्हा नव्हती. असती तर काजूची वाट तिने कुणालाही दाखवली असती.

आता पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आहे. जानेवारी 2023 पासून विमानं उडताहेत. पत्रादेवीचा नाका तिथून गाडीने फार दूर नाही. ज्या तालुक्यात एकेकाळी परदेश पायी गाठता यायचा, तिथे आता तो वातानुकूलित दालनात, पिवळ्या रेघेमागे उभं राहून गाठायचा. माझा भाचा स्विंडनहून गेल्या चवथीला त्याच विमानतळावर उतरला. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, असा 1955 चा कायदा आहे. तेव्हा त्याच्याकडे आता तांबडा पोर्तुगीज पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे जन्मभराचा व्हिसा. अधिकाऱ्याने विचारलं, येण्याचा हेतू? तो म्हणाला, गणपतीवरची माटोळी बांधायला. अधिकारी उत्तरेकडचा. त्याला माटोळी समजावून सांगण्यात मागची रांग बरीच वाढली.

ओसीआय कार्डावर तो जन्मभर इथे राहू शकतो. मत देऊ शकत नाही, आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. बापाकडून आलेलं कुळागर तेवढं त्याचं. शेजारच्या काकांच्या कुळागरावर त्याचा लहानपणापासून डोळा होता, तिथे बारमाही झरा आहे. जेवताना हा नियम निघाला. काकांनी तो दोनदा विचारून पक्का करून घेतला, समाधानाने सोलकढीचा पेला उचलला आणि म्हणाले, "बरो कायदो. पोर्तुगेजांक हांगा जमीन दिवची न्हयच."