झेरॉक्स दोन काढ

संध्याकाळी नाना खाली उतरताना दिसले की आमच्या गल्लीतले गाडीवाले आधी हात पुसतात. नाना कुठल्याही खात्याचे अधिकारी नाहीत. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसून ते निवृत्त झाले. हयातभर लोकांना "एक कागद कमी आहे" असं सांगून परत पाठवलं, आणि आता मुलुंडमध्ये एकाही गाडीवाल्याचा कागद कमी पडू नये म्हणून त्यांनी कंबर कसली आहे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नसते. प्रत्येक सोसायटीत एक असे नाना असतातच.

खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये कोरे फॉर्म, पासपोर्ट फोटोंची पाकिटं आणि गोंदाची बाटली. वडापाववाल्या संतोषने गाडी लावली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नानांनी त्याला गाठलं.

"अन्नाची नोंदणी आहे?"

"आहे ना काका, ही बघा."

"ही शिजवण्याची झाली. उभं राहण्याची कुठाय?"

संतोषच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. नानांना हेच हवं असतं. मग व्याख्यान. अन्नसुरक्षेचा कायदा 2006 चा, फेरीवाल्यांचा 2014 चा. पहिला म्हणतो, तू काय आणि कसं खायला घालतोस ते बघू. दुसरा म्हणतो, ते तू कुठे उभा राहून घालतोस ते बघू. पहिल्याचा कागद दाखवून दुसऱ्याच्या गाडीतून आपली गाडी सोडवता येत नाही. "फूडचा कागद तुला शिजवू देतो रे बाबा, फुटपाथ देत नाही!" हे वाक्य गल्लीतल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. फुटपाथ द्यायचा तो नगर पथविक्रेता समितीच्या मार्फत, आणि त्या समितीत निदान 40 टक्के माणसं फेरीवाल्यांनी निवडून दिलेली हवीत, हे सांगताना नानांचा आवाज निवडणुकीच्या सभेसारखा चढतो. भजीवाल्या मावशींकडे 2014 च्या पाहणीतली पावती होती, तांदळाच्या डब्यात घडी करून ठेवलेली. नानांनी ती स्वखर्चाने लॅमिनेट केली. "झेरॉक्स दोन काढ, एक घरी, एक गाडीवर. मूळ कागद देवालासुद्धा दाखवायचा नाही."

नोंदणीचं त्यांना भारी कौतुक. संतोषने काढली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्यांसाठी. "बारा लाख!" संतोष हरखला होता, जणू ते कुणी त्याला देणारच होतं. चौदा आकडी नंबर नाना एका नजरेत वाचतात. दोनने सुरू झाला तर नोंदणी, एकने सुरू झाला तर परवाना, पुढचे पंधरा म्हणजे महाराष्ट्र. नातवाचा मोबाईल नंबर मात्र त्यांना अजून विचारावा लागतो.

स्टेशनपासून दीडशे मीटरांच्या आत फेरीवाला नको, हा कोर्टाचा दंडक. नाना तो पावलांनी मोजतात. पाऊण मीटरचं एक पाऊल, दोनशे पावलं झाली की दीडशे मीटर. गुडघा दुखायला लागल्यापासून त्यांची पावलं आखूड पडतात, त्यामुळे दोनशे जरा अलीकडेच भरतात. संतोषची गाडी दरवर्षी थोडी थोडी स्टेशनकडे सरकते आहे. त्या गुडघ्याला बरं वाटावं म्हणून तो काही तेल वगैरे सुचवत नाही.

खाण्याआधी तपासणी ठरलेली. "नखं दाखव." पाणीपुरीवाला भैया आता न सांगता दहाही बोटं पुढे करतो. मग पिंपाचं झाकण, मग कढईतलं तेल. त्यात डोकावून नाना मान हलवतात, ते काळं झालंय की अंधार झालाय हे ठरेपर्यंत मागे रांग लागते. पण एवढं करून प्लेट हातात आली की सहाची पाणीपुरी नऊपर्यंत जाते आणि वर सुकी पुरी मागताना नियमावलीचा त्यांना पूर्ण विसर पडतो.

2018 साली नियम आला, की खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा, म्हणजे गोळ्यात पांढराच जाईल. नानांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी गोळेवाल्याकडे एका पोराच्या हातात निळा गोळा दिसला. "टाक तो! अखाद्य बर्फ!" पोरगं रडायला लागलं, आई धावत आली. गोळेवाल्याने शांतपणे निळ्या सरबताची बाटली दाखवली. नानांनी बाटलीचं लेबल वाचलं, मुदत तपासली आणि पोराला दुसरा गोळा घेऊन दिला. कालाखट्टा.

वर्तमानपत्रात वडा बांधायचा नाही, शाई पोटात जाते, हेही त्यांचंच. एकदा संतोषच्या गाडीवरचा गठ्ठा त्यांनी रागाने उचलला, तर वरच्याच पानावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, अक्षर त्यांचं. काकूंनी रद्दी थेट संतोषला विकली होती, दुकानापेक्षा किलोला दोन रुपये जास्त घेऊन. नानांनी गठ्ठा घरी आणला. कोडं पूर्ण केलं म्हणतात.

त्या काकूंचीच गोष्ट सांगायची राहिली. गेली कित्येक वर्षं होळीला त्या ऑर्डरच्या पुरणपोळ्या करतात. यंदा डबा न्यायला आलेल्या संतोषने दारातूनच विचारलं, "काकू, तुमच्या नोंदणीचा नंबर?" घरून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते, हे त्याला शिकवणारा गुरू सोफ्यावर बसून पेपर वाचत होता. पेपर वर गेला, डोकं त्यामागे गेलं. पण दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, फॉर्म भरला, काकूंचा फोटो चिकटवला, फी भरली. नोंदणी आली, ओट्यावर भिंतीला लागलीसुद्धा.

त्या संध्याकाळी नाना सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात शिरले आणि पुरणाच्या पातेल्याकडे बोट नेलं. काकूंनी उलथनं आडवं धरलं.

"नखं दाखवा."