कंसातला वीर

"कंसात, आई, दूध मी घालून येतो. दहा मिनिटांनी."

भाच्याने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा ताईने भाकरी थापता थापता आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी त्याचा सख्खा मामा. घरात कंसाचं नाव निघालं की संशय माझ्यावरच यायचा.

"तू काय बोललास का रं त्याला?"

मी काही बोललो नव्हतो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, ते निराळं. आयटीआय झालेलं पोरगं, रांजणगावला एका कारखान्यात पाळीवर जातं, घरी अडीच एकर, त्यात कांदा. असं सरळ वळणाचं पोर एकाएकी कंसात कसं गेलं, याचा तपास मला त्या दिवसापासून करावा लागला. मी शिक्षक. ताई पाबळला दिलेली आणि पुढे माझीही बदली पाबळलाच झालेली. त्यामुळे घरातले सगळे तपास माझ्याकडेच येतात.

तपासाअंती कळलं ते असं. हल्ली गावोगावी एक नवा मनुष्यविशेष आढळू लागला आहे. त्याला मी मोहीमवीर म्हणतो. ओळखायची खूण सोपी आहे. गोळीबाराचे खेळ खेळणारी पोरं मोबाईल आडवा धरतात, मोहीमवीर उभा धरतो. दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहितो, थांबतो, ओठ हलवतो, स्वतःशीच हसतो आणि पुन्हा लिहितो. आईबाप यावरून एकच निष्कर्ष काढतात. आमच्याकडेही तोच निघाला. "पोरीचं प्रकरण आहे," ताई म्हणाली. दाजींनी एका रात्री पोर झोपल्यावर मोबाईल उघडून पाहिला. पडद्यावर शेवटचं वाक्य होतं: "मी त्याच्या मानेवर कुऱ्हाड टेकवून विचारतो, खजिना कुठे आहे?" पोरगी नाही म्हणून ताईला हायसं वाटलं. कुऱ्हाड आहे म्हणून दाजींना वाटलं नाही.

मग पोराला समोर बसवून विचारलं. त्याने सांगितलं की हा खेळ आहे. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. यातल्या गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो घरी बसून बूट दुरुस्त करत असे. हे ऐकल्यावर दाजींचा चेहरा जरा निवळला. हातात धंदा असलेल्या माणसाने काढलेला खेळ अगदीच वाया गेलेला नसणार, असं त्यांचं मत पडलं.

खेळाला पट लागतोच असं नाही, सोंगट्या लागतात असंही नाही. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण डंजन मास्टर होतो. तो समोरचं जग सांगतो: अंधारी गुहा आहे, आत पाण्याचा आवाज येतोय, काय करता? ज्याने त्याने आपल्या पात्राने काय केलं ते सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचं. वीस पडले तर सोनं, एक पडला तर माती. त्यातूनही वाद निघाला, तर मास्टर म्हणेल ते अखेरचं. आमच्या पूर्वजांनी ही सगळी नियमावली एका ओळीत बसवून ठेवली आहे: फासा पडेल तो डाव, राजा बोलेल तो न्याय.

पूर्वी हे टेबलाभोवती बसून चाले. आता डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर लिहून चालतं. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून कुणालाही फुकट वापरता येतो, ही बाब भाच्याने दोनदा सांगितली, कारण दाजींचा पुढचा प्रश्न कुठला असणार हे त्याला ठाऊक होतं.

आता कंसाचा खुलासा. लिहून खेळताना तुमचं पात्र बोलतंय की तुम्ही स्वतः बोलताय, हे समोरच्याला कळणार कसं? म्हणून पात्राचं बोलणं सरळ लिहायचं आणि स्वतःचं कंसात. "राक्षसा, आज तुझी गाठ माझ्याशी आहे! (जरा थांबा, गाईला पेंड टाकून येतो.)" दिवसभर असं लिहून लिहून पोराच्या जिभेलाच कंस फुटले. राक्षसाला जे सांगायचं ते बिनकंसाचं, आईला जे सांगायचं ते कंसात.

मोहिमेत सामील होणं हे लग्न जमवण्याइतकंच किचकट आहे. आधी बायोडाटा. त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. त्यात सहा गुण आणि प्रत्येकाला आकडा, साधारण तीनपासून अठरापर्यंत: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळं, हे अमेरिकेत मान्य झालेलं पाहून मला फार बरं वाटलं. आमच्या शाळेत दर वर्षी निकालाच्या दिवशी मी हेच सांगत आलोय. भाच्याने मग सगळ्या घराला आकडे वाटले. दाजींना काटकपणा अठरा, छाप आठ. ताईला शहाणपण सतरा. मला बुद्धी चौदा आणि चपळाई सहा. माझे गुडघे पाहता सहा हा आकडा उदारपणाचाच होता.

बायोडाटानंतर पूर्वेतिहास. तुमचं पात्र कुठलं, त्याच्या मनात कसली जखम आहे, ते मोहिमेवर का निघालं? पाबळच्या पोराला पूर्वेतिहासाची काय टंचाई? बाजीरावांनी हे गाव मस्तानीला इनाम दिलं. तिची कबर इथेच आहे. १७४० च्या एप्रिलात बाजीराव रावेरखेडीला वारले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. कशी गेली, यावर एकमत नाही. कुणी विष म्हणतं, कुणी हिरकणी. शेवट पक्का नसलेली गोष्ट म्हणजे अशा खेळाला आयती विहीर. भाच्याने आपल्या जादूगाराचं नाव ठेवलं पाबलॉन. त्याला एका विस्मृत राणीच्या कबरीचा राखणदार केला, राणीला गाव इनाम मिळालेलं दाखवलं, घरच्यांचा तिला विरोध होता असं लिहिलं, आणि एकाच वर्षात दोघांना मारलं. मास्टरचं उत्तर आलं: "छान आहे, पण फार काल्पनिक वाटतंय. जरा पटेल असं लिही."

हा मास्टर हिंजवडीला असतो. कंपनीच्या बसमध्ये बसून जग निर्माण करतो. वाहतूक जास्त अडकली की त्या दिवशी जग जास्त मोठं होतं. बाकीचे तिघं म्हणजे न्यू जर्सीचा एक चोर, नांदेडची एक धनुर्धर आणि नाशिकचा एक पुजारी. चोर खऱ्या आयुष्यात करसल्लागार आहे. हा योगायोग असावा. सगळे मराठीच लिहितात, पण वेळ कुणाची कुणाशी जुळत नाही. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. खेळाच्या नियमाप्रमाणे लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. ती सहा सेकंदं लिहून संपायला चार दिवस लागतात. एकदा पुजाऱ्याने हात वर केला आणि त्याच्या घरी लग्न निघालं. राक्षस आठवडाभर तोंड उघडून उभा होता. सातबाऱ्यावर नाव चढायची वाट पाहिलेल्या माणसाला हा वेग नवा नाही. म्हणूनच हा खेळ आपल्याकडे रुजला असावा.

या टोळीला ते 'पार्टी' म्हणतात आणि तिचा पहिला नियम म्हणजे काहीही झालं तरी पार्टी फोडायची नाही. उभ्या महाराष्ट्रात हा नियम पाळणारी ही बहुधा एकमेव पार्टी असेल.

पैशाचं मात्र खेळातही खरं नाही. पाबलॉनच्या थैलीत सोन्याची साडेतीनशे नाणी आहेत आणि त्याच्या मालकाने माझ्याकडून रिचार्जला दोनदा उसने नेलेत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "कंसात, मामा, पगार झाला की देतो."

मी या भानगडीत ओढला गेलो तो फाशापायी. पोरं फासासुद्धा मोबाईलमध्येच टाकतात. आकडा नुसता उमटतो. ना खुळखुळ, ना दान. मी म्हटलं, वीस पैलूंचा फासा म्हणजे वीस समभुज त्रिकोण, बारा कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात पाच त्रिकोण. पाबळच्या पोराला हे मी सांगायचं? कलबाग सरांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम काढला. पोरांनी हाताने करून शिकावं, हा त्यांचा आग्रह. तिथले ते त्रिकोणांचे घुमट 'पाबळ डोम' म्हणून ओळखले जातात. असल्या घुमटांचं गणित बहुधा याच वीस त्रिकोणांच्या आकृतीतून निघतं. म्हणजे तुझा फासा हा पाबळ डोमचा पुतण्याच की! आश्रमातली फॅब लॅब २००२ पासूनची, जगातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. तिथे असा फासा डोळे मिटून निघाला असता. पण मी आग्रहाला धरून बसलो आणि तो हातानेच करायचा ठरवला.

जाड कागद म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेतल्या. वीस त्रिकोण कापले, कडा दुमडल्या, फेव्हिकॉलने जोडल्या. दोन संध्याकाळी गेल्या. फासा दिसायला देखणा झाला. सतरावर 'चि. सौ. कां.' आलं, नऊवर गणपतीची सोंड. पण एका बाजूला फेव्हिकॉल जास्त झाला आणि तेव्हापासून दहातली सहा दानं एकाच पैलूवर पडतात. त्या पैलूवर तीनचा आकडा आहे आणि खाली 'कृपया आहेर आणू नये'. या फाशाने पाबलॉनला मोहिमेत काहीही मिळेनासं झालं. भाचा म्हणाला, "मामा, एवढा फासा केलात तर खेळाच." मी नको नको म्हणत तीन दिवस लावून बायोडाटा भरला. पात्र म्हातारा वैद्य, नाव कंसमामा.

मी एका बोटाने लिहितो. पहिल्याच प्रसंगात मास्टरने समोर लोखंडी दार ठेवलं. मी "कंसमामा दाराचं नीट निरीक्षण करतो" एवढं व्याकरणशुद्ध लिहून पाठवेपर्यंत बाकीचे चौघं खिडकीतून आत गेले, दोन पिशाच्चं मारली, खजिना वाटून घेतला आणि जखमी होऊन वैद्याला हाका मारू लागले. वैद्य तीन आठवडे दारातच उभा आहे.

पण या तीन आठवड्यांत मला दुसरंच काही दिसू लागलं. कंस आपल्या गावात पहिल्यापासूनच आहेत, फक्त कुणी लिहीत नव्हतं. चहा घेऊनच जा (दूध डेअरीला गेलंय). आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या (पुण्यात फ्लॅट आहे ना?). कांदा हलका दिसतोय (कांदा एक नंबर आहे). रस्ता या वर्षी नक्की होणार (निवडणूक या वर्षी नक्की होणार). सगळेच पात्रं वठवतात. मोहीमवीर वेडा एवढ्यासाठीच की तो कंस उघडे टाकतो.

परवाची गोष्ट. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. दीडला मोटार चालू करून कांद्याला दारं धरायचं होतं. बिबट्याचा वावर असल्याने एकट्याने कुणी जात नाही, म्हणून दाजी काठी घेऊन, भाचा फावडं घेऊन आणि मी बॅटरी घेऊन निघालो. दाजी दारातच खेकसले, "चपला घालून निघालास व्हय रं? बूट काय पूजेला ठेवलेत?"

दोन महिन्यांपूर्वी पोर उलटून बोललं असतं. आता ते मुकाट्याने मागे फिरलं, बूट चढवून आलं आणि माझ्या कानाशी पुटपुटलं, "कंसात काय म्हणाले ऐकलंत का, मामा?"

"काय?"

"किरडू असतंय, जप."

बांधावरून तिघं एकामागोमाग चाललो. मोटार सुरू झाली, पाणी पाटात आलं. दाजी पाण्याकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग मान न वळवता म्हणाले, "मास्तर, त्या तुमच्या दाराचं काय झालं?"

मी चमकलो. घरात आमचं बोलणं चालू असताना हा माणूस कायम पाठ करून बसलेला असे.

"अजून उघडत नाही, दाजी. फासा तीनच्या वर जाईना."

दाजींनी पायाने ढेकूळ सारून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं.

"आधी कडी वाजवून बघा की," ते म्हणाले. "घरात कोनी असंल."